नुसती पोळी नको, रविवारही द्या!

कॉन्व्हेंटमध्ये असताना दर वर्षी एक निबंध हमखास यायचा – 'माय पेट डॉग'. पहिलीपासून सातवीपर्यंत त्यात फारसा बदल झाला नाही. कुत्र्याला चार पाय असतात, तो इमानी असतो, तो घराची राखण करतो. संपलं. दहापैकी आठ मार्क! तेव्हा आमच्या घरी कुत्रा नव्हताच, पण सिस्टरना ते कळायचं काही कारण नव्हतं. आज तोच निबंध मी मराठीतून आणि जरा लांबवून लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी पोटात घालाव्यात. कुत्रा मात्र या वेळी खरा आहे. खरं तर दोन आहेत.

पहिला बंड्या. आमच्या घरचा लॅब्रेडॉर. वय चार वर्षं, वजन ३१ किलो. कुणाशीही भांडत नाही, कारण भांडायला उठावं लागतं. दुसरी केटी. तिची ओळख हॉस्टेलवर करून द्यायची गरज नाही, पण स्टाफपैकी कुणाला माहीत नसेल तर सांगते. मेसच्या मागच्या दारापाशी बसणारी, एक कान उभा आणि एक पडलेला, तांबूस रंगाची आपली गावठी कुत्री. तिचं हे नाव सीनियर्सनी ठेवलं, कारण एकदा मागे लागली की ती सुटत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे केटीवर प्रेम करत होतो. म्हणजे काय करत होतो? मेसमधली उरलेली पोळी टाकत होतो. सबमिशनच्या रात्री तिच्याबरोबर फोटो काढत होतो. माझी आजी नामदेव महाराजांची गोष्ट सांगते. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. ही गोष्ट ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे पोळी टाकली की आपलं पुण्य झालं असं मलाही वाटायचं. महाराज कुत्र्याच्या *मागे धावले* होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आपण पोळी टाकतो आणि लेक्चरला जातो.

हे लक्षात आणून दिलं माझ्या रूममेटने, आणि तेही प्रेमाने नव्हे. सेकंड इयरला गेटबाहेरच्या टपरीपाशी एक कुत्रा तिच्या पोटरीला चावला. केटी नव्हे, दुसराच. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कुणी म्हणालं हळद भर, कुणी म्हणालं चुना लाव. आपल्या वॉचमन काकांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला सरळ नळाखाली बसवलं. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. काकांचं हे शंभर टक्के बरोबर होतं. कुत्रा चावल्यावर पहिला उपचार हाच, आणि लगेच दवाखाना. जखम खोल असल्यामुळे तिला जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं घ्यावी लागली. त्याशिवाय लशीचे पाच डोस : पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मध्ये दोन सबमिशनं आणि एक ओरल. शेवटचा डोस घेऊन आली त्या संध्याकाळी मी मेसच्या दारात केटीला पोळी घालत होते. ती म्हणाली, "छान. पोळ्या तुम्ही टाका, फोटो तुम्ही काढा. इंजेक्शनं मी घेते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाहीये. पण त्या वाक्यामुळे मी वाचायला आणि विचारायला लागले, आणि जे कळलं ते असं.

रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. माणसाला होणारा रेबीज जवळपास नेहमी कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो, आणि सापडणाऱ्यांत लहान मुलं बरीच असतात. म्हणून "प्राण्यांची सेवा कसली करता, आधी माणसांची करा" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की कुत्र्याला लस देणं ही माणसाचीच सेवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर तिथे रेबीजची साखळी तुटते. शंभर टक्के लागत नाहीत, सत्तर पुरतात. आपल्याला फर्स्ट क्लाससाठी लागतात त्यापेक्षा थोडेच जास्त!

दुसरी गोष्ट, संख्येची. कुत्री साधारण ६३ दिवस गाभण राहते आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. एका वेताला चार-पाच पिल्लं धरा आणि पुढचं गणित तुम्हीच करा, एम-थ्री पास झाला असाल तर. आपण रोज पोळी घालतो आणि नसबंदीचं नाव काढत नाही, म्हणजे दया म्हणून आपण नेमकं काय वाढवतो? पिल्लं गाडीखाली जातात, पार्व्होने मरतात, जगली तर टपरीपाशी टोळी करून राहतात. मग कुणीतरी चावून घेतं, आणि मग कुणीतरी काठी घेतं. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण हेच शिकतो ना? आउटपुटकडे बघायचंच नाही आणि इनपुट देत राहायचं, असं केलं तर सिस्टिम हाताबाहेर जाते.

याच्यावर सरकारने मार्ग काढलेला नाही असं नाही. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम २००१ साली आले आणि त्यांच्या जागी २०२३ साली नवे आले. पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, हे त्याचं सूत्र. तिथेच का? कारण जागा रिकामी झाली आणि उकिरडा तसाच राहिला, तर चार दिवसांत नवी कुत्री येतात, ज्यांना ना लस ना काही. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटा त्रिकोणी छेद देतात, म्हणजे त्याला पुन्हा पकडायला नको. आम्ही सहा जणींनी वर्गणी काढून २०२५ च्या फेब्रुवारीत केटीचं ऑपरेशन करून घेतलं. ती परत आली तेव्हा पडलेल्या कानाला छेद होता. एका सीनियरने "केटी सुटली!" म्हणून मेसमध्ये पेढे वाटले होते, ते अनेकांना आठवत असेल.

त्यानंतर जे झालं ते पेपरात सगळ्यांनी वाचलं आहे. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलला : रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीच्यांना नसबंदी, लस करून मूळ जागी सोडा, आणि खायला घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच. मग ७ नोव्हेंबर २०२५ ला आणखी एक आदेश आला. शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं अशा आवारांतली कुत्री काढा, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवा, आणि पुन्हा त्या आवारात सोडू नका. डिसेंबरात आपल्या गेटवर नोटीस लागली आणि एका सकाळी, पहिलं लेक्चर चालू असताना, गाडी येऊन केटीला घेऊन गेली.

त्या दिवशी काय झालं ते आठवा. मुली रडल्या. मुलांच्या हॉस्टेलवर घोषणा झाल्या. सगळ्यांच्या स्टेटसवर केटी. एक अर्ज तयार झाला, त्याच्यावर भराभर सह्या झाल्या. चौथ्या दिवशी इंटर्नल्स सुरू झाल्या आणि स्टेटस बदलले.

न्यायालय बरोबर की चूक यावर मी इथे भांडणार नाही. माझ्या रूममेटच्या पोटरीवर अजून खूण आहे, आणि केटीच्या कानाला छेद आहे. दोन्ही मी रोज बघितलेत, त्यामुळे एका बाजूला उभं राहून ओरडणं मला जमत नाही. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. सह्या केलेल्यांपैकी किती जण केटीला बघायला गेले?

मीसुद्धा पहिल्या आठवड्यात गेले नाही. गेले ते बाबांमुळे. आमचं घर इथून चाळीस किलोमीटरवर. दर दुसऱ्या रविवारी बाबा मला सोडायला येतात आणि बंड्या मागच्या सीटवर असतो, कारण त्याला घरी एकटं ठेवलं तर तो शेजारच्या काकूंना उठवतो. निवारा आमच्या वाटेवरच, हमरस्त्यापासून थोडा आत आहे. मी फार उत्साहात होते. बंड्याला घेऊनच जाऊ, केटीला दोस्त मिळेल, बाकीच्या कुत्र्यांनाही बरं वाटेल, असं काय काय डोक्यात. बंड्याच्या गळ्यात लाल रुमालसुद्धा बांधला होता!

गेटवरच तिथल्या ताईंनी अडवलं. "कुत्रा गाडीत ठेवा. तुम्ही या."

मला राग आला. आपण मदतीला येतो आणि हे लोक असं बोलतात! मग ताईंनी समजावलं. त्यांच्याकडे पार्व्होची पिल्लं होती. तो विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, बुटांच्या तळव्याला लागून फिरतो. बाहेरचा कुत्रा आत आणला तर तो आजार घेऊन जाईल किंवा देऊन जाईल. आधी लशीचं कार्ड दाखवा, दोन वेळा एकट्या येऊन काम बघा, मग ठरवू. आपला कुत्रा घेऊन सेवा करायची असेल, तर पहिला धडा हाच. तिथे आधी नियम येतात आणि कौतुक मागून येतं. आणि जो निवारा कुणाच्याही कुत्र्याला सरळ आत घेतो, त्याच्यापासून दोन हात लांबच राहावं.

पत्र्याचं छप्पर, सिमेंटची फरशी, फिनेलचा वास आणि एकसारखं भुंकणं. दोन कामगार, एक ताई आणि दिवसाआड येणारे डॉक्टर. एवढ्यांनी सगळ्यांचं खाणं, धुणं, औषध बघायचं. पहिल्या रविवारी मी तीन तास भांडी घासली. केटी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात होती. तिने मला ओळखलं, उठली, आणि नेहमीच्या जागी, म्हणजे माझ्या पायावर, बसण्यासाठी जाळीपाशी आली. जाळी मध्ये होती. यापुढे त्याबद्दल लिहीत नाही.

तिसऱ्या खेपेला बंड्याचं कार्ड मंजूर झालं – सगळ्या लशी आणि रेबीजची लस, गोचीड नाही, जंताचं औषध दिलेलं. आत प्रवेश नाहीच, पण बाहेरच्या मोकळ्या मैदानात परवानगी मिळाली. आणि तिथे आमच्या आळशी बंड्याची खरी किंमत मला कळली. तिथे एक काळा कुत्रा होता, सारखा भिंतीकडे तोंड करून बसणारा. माणसाने पट्टा हातात घेतला की जमिनीला चिकटायचा. ताईंनी सांगितलं तसं आम्ही केलं. तो कामगारदादांच्या हातात, बंड्या माझ्या हातात, मध्ये दहा-बारा फूट अंतर, दोघेही एकाच दिशेने चालायचे. भेटवायचं नाही, तोंडाला तोंड लावू द्यायचं नाही. नुसतं शेजारून चालायचं. पहिल्या दिवशी तो पाच पावलं आला. चौथ्या खेपेला मैदानाची एक पूर्ण फेरी झाली. घाबरलेला कुत्रा माणसाच्या बोलण्यापेक्षा दुसऱ्या शांत कुत्र्याकडे बघून जास्त शिकतो, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट झाली. गोचीडतापाने एक कुत्री पार पांढरी पडली होती. हिरड्या पांढऱ्या, उठता येत नव्हतं. डॉक्टरांनी बंड्याकडे बघितलं आणि वजन विचारलं. कुत्रेसुद्धा रक्तदान करतात, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. साधारण २५ किलोच्या वर वजन, वय एक ते आठ वर्षं, सगळ्या लशी झालेल्या आणि तब्येत ठणठणीत, असा कुत्रा चालतो. आधी त्याचं रक्त तपासतात. मग मानेच्या शिरेतून साधारण ४५० मिलीपर्यंत रक्त घेतात. आपल्यासारखे कुत्र्यांचेही रक्तगट असतात, म्हणून जुळतं का ते बघितलेलं बरं. बंड्या टेबलावर झोपला, बाबांनी डोकं धरलं, मी बिस्किटं. वीस मिनिटांत झालं. आपण काही मोठं केलं असं त्याच्या तोंडावर अजिबात नव्हतं. ती कुत्री वाचली. दरवेळी वाचतीलच असं नाही, डॉक्टरांनीही तसं आधीच सांगितलं होतं.

आता मुद्द्याचं. कॉन्व्हेंटमुळे मराठी शब्द मी जरा उलटेच समजायचे. 'स्वयंसेवा' म्हणजे स्वतःची सेवा, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. निवाऱ्यावर काही लोक बघितल्यावर वाटतं, की तो अर्थ अगदीच चुकीचा नव्हता! वाढदिवसाला येतात, केक कापतात, कुत्र्याच्या नाकाला क्रीम लावून फोटो काढतात आणि जातात. फाटकी स्वेटर्स टाकतात, जी नंतर ताईंनाच फेकावी लागतात. शिवाय काही जण अंधारात येऊन कुत्रा गेटला बांधून जातात. मी असताना एक पग असाच सापडला. आमच्या जन्माच्या आधी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे पगची फॅशन आली होती म्हणतात. फॅशन जाते, पण कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो. म्हणून कुत्रा पाळायचाच असेल तर विकत घेण्याआधी एकदा निवारा बघा. आपली गावठी कुत्री आपल्या हवेला सरावलेली असतात, आणि तिथे ती वाटच बघत असतात.

निवाऱ्याला सगळ्यात जास्त गरज कशाची, असं मी ताईंना विचारलं. मला वाटलं पैसे म्हणतील. त्या म्हणाल्या, "दर रविवारी येणारा माणूस." एकदा येणाऱ्याला काम शिकवण्यात त्यांचा वेळ जातो, परत परत येणाऱ्याने तो वाचतो. एवढा साधा हिशोब.

आणि इंजिनिअर म्हणून आपल्याला तिथे खूप काम आहे. पिंजऱ्याच्या कड्या आतून नाकाने उघडायच्या, त्या आपल्या मेकॅनिकलच्या दोन मुलांनी एका दुपारी बदलून दिल्या. फरशीला उतार नाही, पाणी साठतं, हे सिव्हिलवाल्यांनी बघावं. लशींची नोंद एका फाटक्या वहीत होती. ती संगणकावर कुणी घेतली सांगू? माझ्या रूममेटने! ती अजूनही कुत्र्याला हात लावत नाही, ऑफिसच्या खोलीतून बाहेर येत नाही. मी थँक्स म्हटल्यावर म्हणाली, "तुझ्या केटीसाठी नाही करत. कुणाला लस दिली आणि कुणाला नाही हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे, एवढंच." माझ्या मते आमच्या सगळ्यांत खरी स्वयंसेवा तिचीच.

म्हणून स्टाफला आणि मुलांना माझ्या तीन सूचना आहेत.

एक. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. त्यातले काही तास निवाऱ्यावर नियमित कामाचे धरावेत. नियमित म्हणजे सेमिस्टरभर. एका दिवसाचं शिबिर नको.

दोन. मेसच्या मागचा उघडा उकिरडा बंद व्हावा. झाकणाचे डबे आणि रोजची गाडी, एवढंच हवं. केटी गेल्यावर महिन्याभरात तिच्या जागी दोन नवी कुत्री आली आहेत. त्यांच्या कानाला छेद नाही. उकिरडा आहे तोवर गाडी किती वेळा बोलावणार?

तीन. १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन थाटात करतो. त्यानंतर तेराच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन असतो. तो लुई पाश्चरचा स्मृतिदिन. रेबीजची लस त्याने १८८५ मध्ये पहिल्यांदा एका मुलाला दिली. त्या दिवशी कॉलेजच्या आसपासच्या वस्तीतल्या पाळीव आणि भटक्या कुत्र्यांना लस द्यायचं शिबिर घेता येईल. डॉक्टर आणि परवानग्या स्टाफने बघाव्यात, धावपळ आम्ही करू. आणि फायनल इयरवाल्यांनो, लाइन फॉलोअर रोबोट खूप झाले. निवाऱ्याला आपोआप भरणारी पाण्याची टाकी करून द्या, एक्स्टर्नललाही काहीतरी नवीन बघायला मिळेल.

केटी अजून तिथेच आहे. तिला कुणी घरी नेलेलं नाही. गावठी आणि वयाने मोठी असली की लोक पुढे जातात. ती आता बंड्याबरोबर मैदानात फेरी मारते, त्याच्या दोन पावलं पुढे, जसं काही तोच नवीन आहे. परत पिंजऱ्यात जायची वेळ झाली की खाली बसते. एकदा मागे लागली की सुटत नाही, ते खरंच आहे.

आमची गाडी दर दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला निवाऱ्यावर पोचते. हॉस्टेलहून बसने येणाऱ्यांनी जुने कपडे घालावेत, चपला नकोत, बूट घालावेत, आणि केक आणू नये. एकदाच यायचं असेल तर येऊ नका. पण तीनदा येणार असाल, तर मेसच्या फळ्यावर नाव लिहा. सध्या तिथे चारच नावं आहेत, आणि त्यातलं एक कुत्र्यांना घाबरणारीचं आहे.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन